सिलिकॉनच्या आधी प्रायमर : खरी गरज की खर्च वाढवायचा धंदा?

खिडकीकाठ
२० मे, रात्री ९.४०

मंडळी, गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर राहतो. हॉलची खिडकी पश्चिमेला. त्र्यंबककडून येणारी झड खिडकीत उभं राहून ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

खिडकीला ग्रॅनाइटची चौकट, त्यात स्लायडिंगचा ॲल्युमिनियम सेक्शन, चॉकलेटी पावडर कोटिंगचा. चौकटीच्या बाहेरच्या कडेला प्लास्टर. तीन वर्षांत तीनदा सिलिकॉन मारून झालं. दर वेळी पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत, आणि बोटानं जरा ओढलं की सापानं कात टाकावी तशी अख्खी पट्टी हातात. आतल्या भिंतीचा रंग फुगलाय तो वेगळाच.

या वर्षी नवीन माणूस बोलावला. तो म्हणतो जुनं सगळं खरवडून काढणार, मग प्रायमर, मग न्यूट्रल सिलिकॉन. भाव आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट. शेजारचे काका म्हणाले, "प्रायमर रंगाच्या आधी असतो, सिलिकॉनला कुठला आलाय प्रायमर? येडा बनवतोय तुला." पावसाला तीन आठवडे राहिलेत. जाणकारांनी सांगावं.

---

सोमेश_पाथर्डीफाटा
२० मे, रात्री १०.०५

वाचतोय. आमची खिडकी पण याच रांगेत उभी आहे.

---

गनवाला
२० मे, रात्री १०.३०

फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे, सिडकोत दुकान. सल्ला देण्याआधी तीन प्रश्न.

१) आधी मारलेल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास होता का?
२) सुटलेली पट्टी टाकली नसेल तर मागून बघा. ग्रॅनाइटला लागलेली बाजू कशी आहे, प्लास्टरला लागलेली कशी?
३) दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुनं काढलं होतं की त्याच्यावरच ओढलं?

तुमचा नवीन माणूस चोर आहे की नाही ते यावरून कळेल.

---

हजरजबाबी_हरी
२० मे, रात्री १०.३४

लग्नात नवरदेवाच्या आधी करवल्या, जेवणात मसालेभाताच्या आधी साधा वरणभात, आता सिलिकॉनच्या आधी प्रायमर. सरळ काही चिकटायचंच नाही का या देशात?

---

मीनाक्षी_ना
२१ मे, सकाळी ७.५०

हरी, हसू नका. माझी आजी पिंजर लावायची. करंड्यात कुंकवाशेजारी मेणाची छोटी डबी असायची. आधी कपाळ पदरानं पुसायचं, मग अनामिकेनं मेणाचा गोल टिपका, मग त्याच्यावर कुंकू. मेण नाही लावलं तर दुपारपर्यंत कुंकू नाकावर. तिला प्रायमर हा शब्द माहीत नव्हता, गोष्ट माहीत होती.

---

अंबड_नाईटशिफ्ट
२१ मे, सकाळी ९.१५

ताई, उदाहरण गोड आहे पण चुकलंय. मेण हा तिथं गोंदच झाला. कुंकू ही कोरडी पूड, तिला स्वतःची पकड नाही. सिलिकॉनला आहे. माझा अनुभव असा की नव्वद टक्के कामात प्रायमर लागत नाही, लागतो तो स्वच्छ पृष्ठभाग. आमच्या लाइनवर पार्ट आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसायचा आणि चिकटवायचा, बस. पोरं हात धुवायला कंटाळतात आणि मग केमिकल मागवतात.

---

मीनाक्षी_ना
२१ मे, सकाळी ९.४०

कपाळ पुसायचं ते आधी लिहिलंय हो मी. :)

---

खिडकीकाठ
२१ मे, सकाळी ११.२०

गनवाला, उत्तरं :

वास होता, चांगलाच आंबट. दोन दिवस घरात लोणच्याची बरणी फुटल्यासारखं वाटत होतं. पट्टीची प्लास्टरकडची बाजू पांढरट, बोटाला पावडर लागते. ग्रॅनाइटकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, काही म्हणजे काही चिकटलेलं नाही. वर ग्रॅनाइटवर कडेनं तेलकट काळा पट्टा उमटलाय, तो घासूनही जात नाही. तिसऱ्या वेळी मी ऑफिसात होतो. आईच्या सांगण्यानुसार तो माणूस "दहा मिनटात करून गेला". म्हणजे जुनं काढलं नसणारच.

---

गनवाला
२१ मे, दुपारी १.१०

मग तुमच्या खिडकीचा पंचनामा झाला म्हणायचं.

आंबट वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. काचेला, फिशटँकला उत्तम. पण सिमेंट अल्कलीचं. आम्ल आणि अल्कली भेटले की मध्ये क्षार तयार होतो आणि पकड सुटते. पट्टीला लागलेली पांढरी पूड म्हणजे थोडा तो क्षार, थोडी प्लास्टरची सुटी धूळ. उघड्या लोखंडाला, जस्ताला, तांब्याला पण हा माल गंज आणतो. दगड-सिमेंटला न्यूट्रलच, म्हणजे वाळताना ॲसिड न सोडणारं, पाहिजे, इथं नवीन माणूस बरोबर.

तेलकट पट्टा म्हणजे सिलिकॉनमधलं तेल दगडात झिरपलं. दगडासाठी डाग न पाडणारा माल वेगळा मिळतो, नळीवर लिहिलेलं असतं. वाचतो कोण?

आणि सगळ्यात मोठी चूक : वाळलेल्या जुन्या सिलिकॉनचा पातळ थर तसाच ठेवून त्यावर काम. त्या थराला रंग धरत नाही, पुट्टी धरत नाही, प्रायमरसुद्धा धरत नाही. थिनर ओतला तरी वाळलेलं सिलिकॉन विरघळत नाही, ते कापून-घासूनच निघतं. त्यामुळे अंबडवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं. साफसफाई नसेल तर प्रायमर म्हणजे अंघोळ न करता अत्तर.

---

हजरजबाबी_हरी
२१ मे, दुपारी १.१५

शेवटचं वाक्य आमच्या होस्टेलच्या दारावर लावतो.

---

निवृत्त_ओझर
२१ मे, सायंकाळी ६.३०

एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) ओझर कारखान्यात आयुष्य गेलं. कारखाना १९६४ चा, मिग-२१ साठी उभा राहिला. तिथं धातूला धातू चिकटवायच्या कामात नाक खुपसायची संधी मिळाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

प्रायमर हा एकच पदार्थ नाही, तिथंच गोंधळ होतो. प्लास्टर, वीट, लाकूड यांच्यावर तो भोकं भरतो आणि सुटी धूळ बांधून टाकतो. गवंडी विटा भिजवून घेतो, प्लास्टरआधी भिंतीवर पाणी मारतो ते का? कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते म्हणून. पाणी हा प्रायमर नव्हे, पण दुखणं तेच, पृष्ठभागाची तहान.

काच, ग्रॅनाइट, धातू यांना तहान नसते. तिथले प्रायमर बहुतेक सिलेन जातीचे. या रेणूला दोन तोंडं. एक काचेच्या किंवा दगडाच्या पृष्ठभागाशी बंध जोडतं, दुसरं सीलंटशी. दोन गावांत ज्याची सोयरीक आहे असा मध्यस्थ समजा. तिसरं काम म्हणजे ओल अडवणं. सांधा पहिल्या दिवशी सुटत नाही, पाणी हळूहळू त्या सीमेवर शिरतं आणि मग सुटतो.

१९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चं छप्पर उडत्या विमानात उडालं. विमान उतरलं, पण एका हवाई सेविकेचा जीव गेला. जुन्या ७३७ मध्ये पत्र्यांचे सांधे थंड अवस्थेत चिकटवलेले होते. चिकट पट्टी शीतकपाटातून काढल्यावर तिच्यावर दव धरलं किंवा पत्र्याची तयारी नीट झाली नाही, तर पकड कच्ची राहायची. मग ओल शिरली, गंज आला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपासून तडे गेले. तपासात मुख्य ठपका देखभालीत हे वेळेवर न दिसल्याचा होता, पण सुरुवात सांध्यात होती. पुढे बोईंगनं ती पद्धत सोडली. विमानाच्या ॲल्युमिनियमला चिकटवण्याआधी ॲसिडमध्ये ॲनोडाइज करतात, म्हणजे विजेनं ऑक्साइडचा पक्का थर चढवतात, आणि लगेच प्रायमर देतात, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरतो आणि तो कसा धरेल हे नशिबावर सोडायचं नसतं.

खिडकी पडली तर विमान पडत नाही हे मान्य.

---

सोमेश_पाथर्डीफाटा
२१ मे, सायंकाळी ६.५२

काका, दंडवत. आता विमानात खिडकीजवळची सीट नको.

---

अंबड_नाईटशिफ्ट
२२ मे, पहाटे ५.४०

काका, पत्रा साफ नव्हता, ओला होता, म्हणजे माझाच मुद्दा झाला ना!

तरी प्रामाणिकपणे एक कबुली. स्टेनलेसच्या बोल्टला थ्रेड लॉकर (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावला की तासन् तास ओलाच राहायचा. साफ करकरून बोटं सोलली. मग कळलं, हे लॉकर हवा बंद झाल्यावर आणि लोखंड-तांब्यासारख्या धातूचे आयन मिळाल्यावर घट्ट होतात. स्टेनलेस आणि झिंक प्लेटिंग तिथं मठ्ठ. आधी ॲक्टिव्हेटर फवारला की काम होतं. म्हणजे दहा टक्क्यांत ते आलं. नव्वदवर मी ठाम.

---

निफाडकर_बागाईतदार
२२ मे, सकाळी ८.२०

आमच्या शेततळ्याचा कागद फाटला तेव्हा अशीच मजा. पाचशे मायक्रॉनचा एचडीपीई, म्हणजे पॉलिथिनच. कुत्रं उतरलं पाणी प्यायला, नखांनी दोन वीत चीर. गावातल्या प्रत्येकानं एकेक गोंद सुचवला. फेव्हिक्विक झालं, एम-सील झालं, पंक्चरचं सोल्युशन झालं. वाळल्यावर पापडासारखं निघून यायचं. शेवटी कागद वेल्डिंगवाला आला, गरम हवेच्या गननं ठिगळ वितळवून बसवलं, आजतागायत थेंब नाही.

याला पण प्रायमर असतो का? की गोंद लावायचा नादच सोडायचा?

---

निवृत्त_ओझर
२२ मे, सकाळी १०.१०

बागाईतदार, तुमच्या कागदाला कुणाचीच संगत नको असते. काचेवर पाण्याचा थेंब टाका आणि कागदावर टाका. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, पॉलिथिनवर मणी होऊन बसतं. पृष्ठभागाची ओढ मोजायचं एकक आहे, मिलिन्यूटन प्रति मीटर. पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या आसपास, पॉलिथिनची ओढ साधारण ३१, पॉलिप्रॉपिलिनची त्याहून किंचित कमी, नॉनस्टिक तव्याच्या टेफ्लॉनची २० च्याही खाली. गोंद आधी पसरला पाहिजे, मग चिकटायची गोष्ट.

पॉलिप्रॉपिलिनला प्रायमर असतात. गाड्यांच्या बंपरला रंगाआधी मारतात ते. कारखान्यात ज्योत किंवा विजेचा कोरोना (ठिणग्यांचा झोत) फिरवूनही पृष्ठभाग जागा करतात, पिशव्यांवर छपाई धरते ती त्यामुळेच. पण तळ्यात कायम पाण्याखाली आणि वर उन्हात राहणाऱ्या ठिगळाला वेल्डिंगच खरं. तुम्ही शेवटी बरोबर केलंत.

---

हजरजबाबी_हरी
२२ मे, सकाळी १०.३०

अवांतर : म्हणजे माझ्या डोक्यावर पाणी टाकलं की मणी होतात, त्याचा अर्थ काही शिकवलेलं चिकटत नाही असाच ना?

---

मीनाक्षी_ना
२२ मे, सकाळी १०.३५

तो तेलाचा परिणाम. आधी डोकं धुवा, अंबडवाल्यांना विचारा.

---

द्वारका_सर्कल
२२ मे, दुपारी ३.००

गाडीच्या काचेचा अनुभव. समोरची काच बदलली, रस्त्याकडेच्या एकाकडून. स्वस्तात झालं म्हणून खूश होतो. कसारा घाटात शिट्टी वाजायला लागली, आधी वाटलं टायर. इगतपुरीच्या पावसात डॅशबोर्डवर पाणी. दुसरीकडे दाखवलं तर काच सगळीकडून सुटत चाललेली, काळा प्रायमर काचेला लावलाच नव्हता. दुसऱ्या कारागिरानं दाखवलं की काचेच्या कडेला जी काळी पट्टी भाजलेली असते ती शोभेची नाही, ऊन काच धरणाऱ्या पॉलियुरेथेन गोंदापर्यंत जाऊ नये म्हणून असते. पत्र्याला ओरखडे गेले होते तिथंही प्रायमर, नाहीतर गंज गोंदाखालून चालत जातो. आणि "आज गाडी हलवायची नाही" म्हणाला.

एक मात्र उलटं दिसलं. पत्र्यावरचं जुनं पॉलियुरेथेन त्यानं पूर्ण काढलं नाही. घट्ट होतं तिथं एक-दोन मिलिमीटर ठेवून कापलं आणि त्यावर नवीन. वर तर लिहिलंय सगळं जुनं काढा?

---

गनवाला
२२ मे, रात्री ९.२०

तो कारागीर बरोबर. पॉलियुरेथेन ताजं कापलं की त्याच्यावर नवीन पॉलियुरेथेन झकास धरतं. सिलिकॉनची जात वेगळी, तेल सोडत राहतं. म्हणून गाडीच्या काचेच्या दुकानात सिलिकॉनची नळीसुद्धा ठेवू देत नाहीत शहाणे लोक. नियम मालागणिक बदलतो.

---

निवृत्त_ओझर
२३ मे, सकाळी ७.३०

धागाकर्त्याच्या खिडकीत एक गोष्ट अजून कुणी विचारली नाही. पट्टी किती जाड होती?

चॉकलेटी सेक्शन, पश्चिमेचं ऊन. समजा खिडकी दीड मीटर रुंद आणि दिवसरात्रीत धातूचं तापमान ३० अंशांनी बदललं. ॲल्युमिनियम साधारण एक मिलिमीटर लांबेल, ग्रॅनाइट त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. हा फरक रोज त्या सिलिकॉननं सोसायचा. बोटानं ओढून कागदासारखी पातळ केलेली पट्टी हे कसं सोसणार? प्रायमर लावलात तर कडेनं सुटायच्या ऐवजी मधून फाटेल, एवढाच फरक.

---

खिडकीकाठ
२३ मे, सकाळी ९.००

काका, नखाच्या जाडीची होती. :(

मग सेक्शन आणि ग्रॅनाइटमध्ये फट ठेवायची की काय? आणि प्रायमर तो माणूस नीट मारतोय की नाही हे मी कसं ओळखू? पाण्यासारखा असतो म्हणे.

---

गनवाला
२३ मे, रात्री १०.४५

फट आहेच तुमच्याकडे, आठ-दहा मिलिमीटरची असते, आत सिमेंट किंवा पुट्टी कोंबलेली. ती काढायला लावा. आत फोमची गोल दोरी येते, बॅकर रॉड म्हणतात, फटीपेक्षा थोडी जाड घेऊन दाबून बसवायची. सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटलं पाहिजे, तळाला नाही. तळाला पण चिकटलं तर ताणायला जागाच राहत नाही. खोली रुंदीच्या साधारण निम्मी.

प्रायमरचं सांगतो, समोर उभं राहून बघा.

मोठी बाटली उघडून त्यात चिंधी बुडवत असेल तर थांबवा. वाटीत थोडं काढून घ्यायचं आणि बाटलीचं झाकण लगेच लावायचं. हवेतल्या ओलाव्यानं हा माल मरतो. दुधाळ झाला, गुठळी दिसली की फेकायचा. उरलेलं वाटीतलं परत बाटलीत ओतायचं नाही.

पुसताना दोन फडकी. एकानं आयपीए लावायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं. एकाच फडक्यानं पुसत राहिलं की मळ इथून उचलून तिथं. आणि पुसल्यावर हात लावायचा नाही. माझ्याकडचं एक पोरगं मिसळ खाऊन आलं आणि साफ केलेल्या काचेवर पंजा ठेवला. तर्रीचे पाच ठसे, अगदी पाच, तेवढ्याच जागी महिन्याभरात सुटलं.

प्रायमर पातळ, एकच हात. जास्त लावलं की जास्त चिकटेल असं नाही, जाड थर स्वतःच कमजोर पडतो. डबक्यासारखं साचलं तर टिपून घ्यायचं. मग डब्यावर लिहिलेली वेळ थांबायचं. त्या वेळेला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. सकाळी प्रायमर मारून दुपारी जेवून आल्यावर सिलिकॉन, असं नाही चालत.

आणि आपल्याकडे थंडीत भल्या सकाळी करू नका. धातूवर दव असतं, डोळ्याला दिसत नाही. पण तुमचं मे महिन्यातलं काम, तो त्रास नाही. उलट दुपारी सेक्शन तापलेला असतो, प्रायमर लावता लावताच वाळतो. सकाळी आठ-नऊला करा.

---

अंबड_नाईटशिफ्ट
२४ मे, सकाळी ६.१०

एवढं सगळं खरं असेल तर एक सोपी गोष्ट करा. त्याला म्हणा, आधी तुकड्यावर करून दाखव. ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा, सेक्शनचा तुकडा, प्लास्टरची कड. अर्धं प्रायमर लावून, अर्धं नुसतं पुसून. आठ-दहा दिवस वाळू द्या आणि ओढा. नव्वद-दहाचा निकाल तिथंच लागेल. हरलो तर साधना मिसळ माझ्याकडून.

---

गनवाला
२४ मे, सकाळी ९.३०

+१. हे आमच्यापैकी फार कमी लोक करतात, मी धरून. ओढल्यावर पट्टी मधून फाटली आणि दोन्हीकडे सिलिकॉन राहिलं तर पकड पास. स्वच्छ निघून आली तर नापास, मग नळी कितीही महाग असो.

---

खिडकीकाठ
९ जून, रात्री ८.१५

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. चाचणी केली. तो माणूस आधी चिडला, मग त्याला स्वतःलाच गंमत वाटायला लागली. गच्चीत पाण्याच्या टाकीमागे तीन तुकडे चौदा दिवस ठेवले, शेवटचे दोन दिवस बादलीत बुडवून.

पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर प्रायमर असो नसो, दोन्हीकडे मधूनच फाटलं. सेक्शनवर नुसत्या पुसलेल्या बाजूनं एक बोटभर स्वच्छ सुटलं, बाकी धरून होतं. प्रायमरवालं पूर्ण धरून. प्लास्टरवर मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नुसतं पुसलेलं वाळूसकट हातात आलं, प्रायमरवालं ओढताना नळीचं टोक वापरावं लागलं इतकं घट्ट.

म्हणून ग्रॅनाइटला प्रायमर नाही, सेक्शन आणि प्लास्टरला आहे असं ठरवलं. त्यानं भाव थोडा कमी केला. जुनं काढायला दोन माणसांना अख्खा दिवस गेला, ब्लेडची पाकिटं संपली. पैसे खरे तर तिथंच गेले, प्रायमरची बाटली त्यामानानं किरकोळ.

तेलकट डाग तसाच आहे. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

---

अंबड_नाईटशिफ्ट
१० जून, पहाटे ५.५५

तीनपैकी एक माझा, एक तुमचा, एक अर्धा-अर्धा. मिसळ अर्धी देतो. पाव तुमचे तुम्ही आणा.

---

मीनाक्षी_ना
१० जून, सकाळी ८.००

आणि मेण?

---

अंबड_नाईटशिफ्ट
१० जून, सकाळी ८.२०

मेण गोंदच. ठाम.

---

खिडकीकाठ
१८ जुलै, सकाळी ७.०५

परवापासून झड सुरू आहे, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या. पहाटे उठून चौकटीच्या खाली टॉयलेट पेपरची पट्टी ठेवून बघितली, सकाळपर्यंत कोरडी. डाव्या कोपऱ्यात वर एक थेंब दिसला. नीट बघितलं तर तो स्लायडिंगच्या ट्रॅकमधून येतोय, ट्रॅकची पाणी जायची भोकं मातीनं बुजलीत. आईच्या विणकामाच्या सुईनं साफ केली.

---

सोमेश_पाथर्डीफाटा
१८ जुलै, सकाळी ७.३०

त्या माणसाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा राव. आमच्याकडे बादली लागलीये.